बाळंतिणीचे अश्रू आणि त्यांचें माप

चीन देशांत बाळंतिणीस पहिला महिनाभर रडूं देत नाहींत. बाळंतपणांत डोळ्यांवाटे पाणी गेलें कीं दृष्टि जन्मभर अधू होते, अशी तेथील वडीलधाऱ्या बायकांची समजूत आहे. आणि शहरांतील उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या नव्या आईसहि ती अजून ऐकविली जाते. रडूं नको, वारा लागूं देऊं नको, थंड पाण्यांत हात घालूं नको, केस धुऊं नको, फार वाचूं नको. खा आणि पडून राहा. या पथ्यास तिकडे 'त्सुओ युएत्स' म्हणतात. शब्दशः अर्थ 'महिना बसणें'. या महिन्यासंबंधानें आणि त्यांत बसणाऱ्या आईच्या मनासंबंधानें जें संशोधन झालें आहे, तें वाचण्याचा योग आम्हांस नुकताच आला. आणि आमच्या वाचकभगिनींस तें सांगितल्यावांचून राहवेना, म्हणून या खेपेचें सदर त्यास दिलें आहे.

हा महिना आपल्या घरांस परका वाटण्याजोगा मुळींच नाहीं. आल्याचा काढा, तिळाचें तेल, तांबडी साखर, अंडीं, कोंबडीचें कढण, उत्तरेकडे राळ्याची पेज, असा तेथील बाळंतिणीचा आहार असतो. दक्षिणेंत क्वांगतुंग प्रांतीं डुकराचे पाय आलें घालून गोड शिरक्यांत शिजवितात. शाकाहारी वाचकांनीं हें एक वाक्य वगळून पुढें जावें. परंतु त्यामागील विचार आणि आपल्या डिंकाच्या लाडवांमागील, आळिवांच्या खिरीमागील व बाजेखालच्या शेगडीमागील विचार एकच आहे: प्रसूतीनें शरीर थंडावलें, त्यास ऊब द्यावयाची. महिना पुरा झाला कीं लाल रंगविलेलीं अंडीं आप्तेष्टांत वांटून बाळाचा सोहळा करितात. मोठा फरक एकच. आपल्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. चीनांत परंपरेनें तें सासरीं होतें आणि सुनेचें सर्व कांहीं सासू करते. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम आहे.

१९७८ सालीं बार्बरा पिल्सबरी या अमेरिकन विदुषींनीं या रूढीवर एक निबंध लिहिला. पाश्चात्य देशांत मूल झालें कीं सर्वांचें लक्ष मुलाकडे वळतें आणि आई एकटी पडते. चिनी घरांत महिनाभर लक्ष आईकडे असतें. तेव्हां प्रसूतीनंतर पाश्चात्य बायकांस जो विषाद ग्रासतो, त्यापासून चिनी बायका बहुधा सुरक्षित असाव्यात, अशा धर्तीचा त्यांचा तर्क होता. तर्क मोठा गोड आहे. आपल्याहि घरांत तो निराळ्या शब्दांत ऐकूं येतो: "आमच्या वेळीं असलीं मनाचीं दुखणीं नव्हतीं, बाळंतपण नीट झालें कीं सगळें नीट होतें." परंतु गोड तर्क खरा कीं खोटा हें पाहण्यास माप लागतें, आणि तें माप त्यानंतर नऊ वर्षांनीं तयार झालें.

मापाकडे वळण्यापूर्वीं मोजावयाचें तें काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पुष्कळ आयांना उगीच रडूं येतें, जीव कातर होतो. हें पंधरा दिवसांच्या आंत आपोआप ओसरतें व त्यास औषध लागत नाहीं. याच्या अगदीं दुसऱ्या टोकास प्रसूतीनंतरचा उन्माद आहे: भ्रम होणें, कानांत आवाज येणें, बाळाविषयीं भलभलत्या कल्पना मनांत घेणें. तो हजार बाळंतिणींत एखाद-दोघींस होतो, आणि त्या वेळीं क्षणाचाहि विलंब न लावितां इस्पितळ गांठावें लागतें. या दोहोंच्या मध्यें विषाद आहे. तो हळूहळू येतो आणि महिनेच्या महिने राहतो. मूल निजलें तरी आईस झोप नाहीं, कशांत गोडी नाहीं, प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःकडे, आणि आपण या मुलास लायक नाहीं हा विचार मनांतून हटत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास ती थकलेली, आळशी किंवा रुसलेली दिसते. म्हणूनच घरांतल्या घरांत हें दुखणें ओळखूं येत नाहीं.

१९८७ सालीं कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की या तिघांनीं एक प्रश्नावलि प्रसिद्ध केली. स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरावरून तिला एडिंबरो मापिका म्हणतात. तींत अवघीं १० विधानें आहेत. गेल्या ७ दिवसांत हंसूं येत होतें का, विनाकारण भीति वाटली का, रडूं कितीदां आलें, अशा घरगुती विषयांवरचीं तीं आहेत. प्रत्येकास ० ते ३ गुण, एकंदर ३०. पुष्कळ ठिकाणीं १३ किंवा त्याहून अधिक गुण आले तर विषादाचा दाट संशय धरितात. दहावें विधान स्वतःस इजा करण्याच्या विचाराविषयीं आहे. बेरीज कितीहि कमी भरो, त्या एका विधानास होकार आला तर तिकडे कधींहि दुर्लक्ष करावयाचें नाहीं. मापिका निदान करीत नाहीं. तें वैद्याचें काम. थर्मामीटर लावल्यासारखा तिचा उपयोग आहे: ताप आहे एवढें ती सांगते.

१९९८ सालीं हाँगकाँगच्या संशोधकांनीं ही मापिका चिनी भाषेंत आणून तेथील आयांवर पारखल्याचें प्रसिद्ध झालें. प्रत्यक्ष मुलाखतीनें केलेल्या निदानाशीं ताडून पाहतां १३ ची रेघ तेथें फार उंच ठरली. १० गुणांपासूनच संशय धरावा लागला. पुढें तेथेंच झालेल्या पाहणींत प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारें दहा आयांत एकीस विषाद असल्याचें दिसलें. हें प्रमाण पाश्चात्य देशांतील प्रमाणाहून फारसें निराळें नाहीं. महिना बसण्याची रूढि जेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या समाजांतील ही गोष्ट. पिल्सबरीबाईंचा गोड तर्क येथें लंगडा पडला.

असें कां व्हावें? त्या महिन्यांत आईच्या जवळ कोण बसतें आणि तिच्याशीं कसें बोलतें, यावर पुष्कळ अवलंबून आहे. सासूसुनेचें सख्य असेल तेथें तो महिना विश्रांतीचा होतो; नसेल तेथें तीच तीस दिवसांची कैद होते. काय खावें येथपासून मूल कसें गुंडाळावें येथपर्यंत सासूचा शब्द चालतो, आईस घराबाहेर पडण्याची मुभा नाहीं, आणि रडण्याचीहि नाहीं. त्यांत मुलगी झाली असेल तर? १९८० च्या सुमारास चीन सरकारनें घातलेला एकाच अपत्याचा दंडक २०१६ च्या आरंभीं उठला. तोंवर पुष्कळ घरांत पहिलें मूल तेंच शेवटचें होतें. हूनान प्रांतांतील चांगशा शहरीं झालेली एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. मुलगी झालेल्या आयांत विषादाचें प्रमाण मुलगा झालेल्या आयांच्या सुमारें दुप्पट आढळलें.

हें वाचून चिनी सासवांस नांवें ठेवण्याची घाई आपण करूं नये. गोव्यांतील एका जिल्हा इस्पितळांत नांव नोंदविलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतहि हीच एडिंबरो मापिका, कोंकणी पेहरावांत. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ आयांस विषाद होता, त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनींहि बऱ्या झाल्या नव्हत्या. आणि कारणांत गरिबी व नवऱ्याशीं बेबनाव यांच्या जोडीला 'मुलगी झाली' हें कारण येथेंहि हजर होतें. माहेर जवळ असल्यानें या प्रश्नाची धार बोथट झालेली दिसत नाहीं.

येथवर सांगितलें तें दुखणें मोजण्याविषयीं. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. आपणांस दुखणें आहे हेंच ज्या आईस ठाऊक नाहीं, ती वैद्याकडे जाणार कशी? म्हणून संशोधकांनीं दुसरेंहि एक माप घडविण्यास आरंभ केला: दुखण्याची जाण किती आहे याचें. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील अँथनी जोर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या जाणिवेस 'मानसिक आरोग्याची साक्षरता' असें नांव दिलें. त्यांची युक्ति साधी होती. एका दुःखी माणसाची थोडक्यांत हकीकत सांगावयाची आणि विचारावयाचें, यास काय झालें असावें, आणि यानें कोणाकडे जावें? २०२० सालीं इराणांतील संशोधकांनीं प्रसूतीनंतरच्या विषादापुरती अशी एक मापिका प्रसिद्ध केली. तींत ३१ विधानें असून त्यांचे ७ भाग आहेत: लक्षणें ओळखतां येतात का, कारणें ठाऊक आहेत का, स्वतःची काळजी कशी घ्यावी हें माहीत आहे का, जाणत्यांची मदत कोठें मिळते हें माहीत आहे का, त्या मदतीवर विश्वास आहे का, या दुखण्याविषयीं मनाची वृत्ति कशी आहे, आणि अधिक माहिती कशी शोधावी हें कळतें का. हीच मापिका पुढें चिनी भाषेंत नेण्यांत आली.

चीनांत या मापास महत्त्व येण्याचें एक कारण सरकारी आहे. सप्टेंबर २०२० मध्यें तेथील राष्ट्रीय आरोग्य आयोगानें विषादाच्या प्रतिबंधासाठीं एक योजना जाहीर केली. गरोदर व बाळंत स्त्रियांची या दृष्टीनें तपासणी नेहमींच्या प्रसूतिपूर्व तपासणींत व प्रसूतीनंतरच्या भेटींत समाविष्ट करावी, असें तींत सांगितलें होतें. आणि २०२२ पर्यंत शेंकडा ८० लोकांस विषादाच्या प्रतिबंधाची व उपचाराची माहिती असावी असें उद्दिष्ट घातलें होतें. हा आंकडा वाचतांच मनांत प्रश्न उभा राहतो: माहिती असणें म्हणजे काय? नांव कानावर आलेलें असणें, कीं शेजारच्या खोलींत तें दुखणें निजलें असतां ओळखतां येणें? या दोहोंतील अंतर मोजावयाचें म्हणूनच ३१ विधानें लागतात.

एका देशाची मापिका दुसऱ्या देशांत नेणें हें पाककृति उतरून घेण्याइतकें सोपें नसतें. प्रथम दोघांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावयाचें. मग मूळ न पाहिलेल्या कोणी तें उलट मूळ भाषेंत आणावयाचें, म्हणजे वाट कोठें चुकली तें कळतें. मग सुइणी, परिचारिका व मनोवैद्य यांनीं एकेक विधान तपासावयाचें. मग थोड्या आयांकडून तें भरून घेऊन त्यांस काय समजलें हें विचारावयाचें. आणि शेवटीं कांहींशें आयांवर, व थोड्या दिवसांनीं त्यांतल्याच कांहींवर पुन्हां, पारख करावयाची. ज्या कांट्यावर तेंच धान्य आज शेर आणि उद्यां दीड शेर भरतें, तो कांटा दुकानांत ठेवून उपयोग नाहीं.

परंतु खरी अडचण बोलण्याच्या रीतीची आहे. अमेरिकन मनोवैद्य आर्थर क्लाइनमन यांचा हूनानमधील एक अभ्यास १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. 'मज्जातंतूंची दुर्बलता' असें निदान होऊन आलेले १०० रोगी त्यांनीं तपासले. त्यांपैकीं ८७ जणांस विषाद होता. तथापि त्यांच्या तक्रारी होत्या डोकेदुखीच्या, निद्रानाशाच्या, घेरीच्या. मनाच्या दुःखाचें गाऱ्हाणें शरीराच्या तोंडून मांडण्याची ही रीत. एडिंबरोच्या मापिकेंत थकवा व अंगदुखी यांस मुद्दामच जागा दिलेली नाहीं, कारण ओली बाळंतीण थकणारच. त्या ठिकाणीं ही काटछांट शहाणपणाची होती. पण जी आई मनाचें दुःख पाठदुखीच्या रूपानेंच सांगते, तिचे शब्द अशा मापांत सांपडावयाचे कसे? हाँगकाँगास रेघ खालीं आणावी लागली, त्याचें एक कारण हें असावें असा आमचा तर्क आहे. पुन्हां, महिन्यांत हयगय झाली तर 'महिन्याचीं दुखणीं' जन्मभर जडतात अशी चिनी समजूत आहे. तेव्हां जिचें मन खचलें, ती 'मला वारा बाधला' म्हणेल आणि घरांत सर्वांस तें पटेल. तिच्या दुखण्यास घरानें मान्य केलेलें दुसरें नांव आधींच तयार असतें. वैद्याचें नांव तेथें उपरें ठरतें.

या जाणिवेच्या मापाविषयीं आम्हांस आणखी दोन शंका आहेत. पहिली अशी कीं, कागदावर बरोबर उत्तर लिहिणें आणि स्वतःवर वेळ आल्यावर तसें वागणें या भिन्न गोष्टी आहेत. 'अशा आईनें वैद्याची मदत घ्यावी' या विधानापुढें खूण करणारी सून स्वतः मात्र चार लोकांत तोंड राखण्यासाठीं गप्प बसेल. चिनी भाषेंतहि अब्रूस 'तोंड' हाच शब्द आहे. दुसरी शंका आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ही सर्व विधानें आईपुढें ठेविलीं जातात. परंतु या दुखण्याचा स्वभावच असा कीं, तें जिला होतें तिला तें दुखणें वाटत नाहीं. आपला नालायकपणा वाटतो. तापांत बरळणाऱ्या माणसानें स्वतःचा ताप मोजावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. महिनाभर जी तिच्या उशाशीं बसते, जिच्या संमतीवांचून दार उघडत नाहीं, त्या सासूस किती ठाऊक आहे? रात्रीं शेजारीं निजणाऱ्या नवऱ्यास किती ठाऊक आहे? शेंकडा ८० चा हिशेब त्यांच्यापासून सुरू झाला पाहिजे, असें आमचें नम्र मत आहे.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे. नांव दिलें कीं दुखणें वाढतें. नको त्या गोष्टी सुनांच्या कानांवर कां घालाव्यात? विशेषतः जिवाचें बरेंवाईट करण्याविषयीं विचारणें पुष्कळांस अभद्र वाटतें. याचा अभ्यास झालेला आहे. सरळ आणि मायेनें विचारल्यानें तो विचार मनांत नव्यानें रुजत नाहीं. उलट, जिच्या मनांत तो असतो, तिला तो बोलून दाखवितां आल्यानें हलकें वाटतें आणि उपाय करण्यास अवधि मिळतो. आणि उपाय आहेत. जाणत्या माणसाशीं नेमानें बोलण्याचे उपचार आहेत, अंगावर पाजणाऱ्या आईस चालतील अशीं औषधें वैद्य निवडून देतात, आणि बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. आपल्या देशांत २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सोय आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. जिवास धोका वाटला तर मात्र दूरध्वनीवर विसंबूं नये. आईस एकटी न सोडतां थेट इस्पितळांत न्यावें.

हा मजकूर लिहीत असतां आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंस आम्हीं तो वाचून दाखविला. त्यांचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. घर मोठें, माणसें प्रेमळ, बाळंतपणांत कशाची वाण नव्हती. चिनी बायकांस रडूं देत नाहींत हें ऐकून त्या हंसल्या, आणि मग बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेस मी दोनदां विहिरीपर्यंत जाऊन परत आलें. धाकटी उठून रडेल, एवढ्यासाठींच परतलें. शेक चुकला नाहीं, लाडू चुकला नाहीं, सगळें वेळच्या वेळीं झालें. पण तुला कसें वाटतें, असें कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तर सांगितलें असतें." सत्तावन्न वर्षें त्यांनीं ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती; त्यांच्या मुलींसहि नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांत या वर्षींहि पाळणे हलतील. शेगडी, डिंक आणि आळीव यांच्या जागीं दुसरें कांहीं आणा, असें आम्ही म्हणत नाहीं. चिनी आजीबाईंच्या आल्याच्या काढ्यावरहि आमचा राग नाहीं. दुपारीं मूल निजलें कीं बाळंतिणीजवळ दहा मिनिटें बसावें, आणि तिला झोप लागते का, मन कसें आहे, हें विचारावें. ती रडूं लागली तर तिला रडूं द्यावें. पंधरा दिवसांनींहि तें थांबलें नाहीं, तर तिला घेऊन वैद्याकडे जावें. 'तूं जाऊन ये' असें म्हणूं नये. तिच्याबरोबर आपण जावें.